साळुंकी होडीच्या साडेतीन मणांची हकीकत

श्रीसमुद्रनारायण प्रसन्न. ज्याने लहानथोर सर्वांस एका पाण्यावर तरंगविले आणि कोणाचेही वजन विचारिले नाही, त्यास आधी नमन. मग वाचणारांस विनंती ऐसी की, शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदन नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी दर्याकिनारीच्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, आणि आज्ञा असती तरी लिहिले नसते, कारण नाव लिहिले म्हणजे लोक हकीकत सोडून नावच वाचीत बसतात. लिहिणार कोण म्हणाल, तर होड्या तोलण्याच्या काट्याशेजारी टोपली पालथी घालून तीवर बसणारा आणि सोळा वर्षे 'पुरे' अथवा 'उणे' या दोन शब्दांपलीकडे काही न लिहिलेला एक कारकून. दोन शब्दांवर संसार केला. आता चार शब्द अधिक लिहितो, ते पदरात घ्यावे.

पूर्वी या राज्यात होड्यांच्या शर्यतीची रीत ऐसी होती की ज्याची जैसी ऐपत तैसी त्याची होडी. सधनांच्या होड्या लांब, निमुळत्या, शिडे दुप्पट, आणि गरीब तांडेलांच्या होड्या मासळी वाहण्याच्या, पोट सुटलेल्या. मग शर्यत कसली! सधनाने जिंकावे आणि गरिबाने म्हणावे की होडी जिंकली, तो कुठे जिंकला. आणि एखादे साली गरीब जिंकला तर सधनाने म्हणावे की आमची फळी कुजली होती. ऐसे तंटे होत होत एके साली सुकाणूंच्या दांड्यांनी डोकी फुटली, तेव्हा थोरले सरकार संतप्त होऊन बोलिले की, "कोणाचा हात थोर हे कळणारच नसेल तर एवढा वारा फुकट का दवडावा?" आणि हुकूम जाहला की यापुढे शर्यतीच्या होड्या एका साच्याच्या असाव्यात, लांबी सोळा हात, रुंदी चार हात, डोलकाठी बावीस हात, शीड ठरल्या मापाचे आणि वजन चाळीस मणांहून कमी नसावे, आणि जो जिंकेल त्याने वर्षभर भरजरी निशाण लावून आरमाराच्या पुढे चालावे. होडी सारखी, शीड सारखे, वारा तर सर्वांचा एकच. मग जो हरला तो आपल्या हाताने हरला. या हुकुमाने पुष्कळांची तोंडे बंद जाहली आणि पुष्कळांची झोप उडाली, कारण हरल्यावर माणसास सबब लागते, जैसा जेवल्यावर विडा लागतो.

आता साचा एक केला तरी माणसाच्या डोक्याचा साचा कोण एक करणार? कोणी सुकाणूची कड सुरीसारखी पातळ करी, कोणी शिडाचा कोपरा गुपचूप चार अंगुळे वाढवी, आणि वजनात तर जो तो चोर. हलकी होडी पळते, हे शेंबड्या पोरासही ठाऊक. म्हणोन होडी हलकी करावी आणि मापाच्या दिवशी भिजवून आणावी, पाणी प्यालेले लाकूड काट्यावर जड भरते, आणि शर्यतीस वाळवून न्यावी. एकाने तर तळाच्या फळ्यांखाली ओले दोरखंड लपविले होते, ते काढिले तेव्हा त्यातून तीन खेकडे निघाले. मग नियम जाहला की मापापूर्वी होडी सात दिवस उन्हात पालथी ठेवावी. ऐसे नियमावर नियम वाढले आणि हे सर्व पाहावयास एक मापारी नेमिला, त्याचे नाव बाबदेव.

बाबदेव मापारी हा मूळचा दर्यावर्दी घराण्यातला, परंतु लहानपणी पाय अधू जाहला म्हणोन त्याने होडी सोडिली आणि मापाचा गज धरिला. त्याचे पाशी लाकडाचे फर्मे होते, ते होडीच्या अंगास लावी आणि मधून उजेड दिसला तर होडी परत धाडी. शीड देवळाच्या पटांगणात अंथरून गेरूच्या रेघांवर मोजी. काट्याची रीत ऐसी की सागाची मोठी तुळई टांगिलेली, एका टोकास दहा धोंडे, चार चार मणांचे, सरकारी शिक्क्याचे. दुसरे टोकास होडी. होडीचे टोक खाली गेले म्हणजे मापारी म्हणे "पुरे", आणि मी लिही. वर राहिले तर "उणे", आणि मग जितके उणे तितके शिसे होडीच्या बैठकीखाली ठोकून त्यावर शिक्का करावा. मापाच्या दिवशी मापारी कोणाघरचे पाणी पीत नसे. नारळ देऊ केला तर हात मागे घेई. आणि त्याचा एक नियम होता, तोही सरकारी कागदात लिहिलेला, की मापाऱ्याने विचारिले तितके मोजावे आणि न विचारिले ते सांगू नये, कारण एकास सल्ला दिला म्हणजे दुसऱ्याचे नुकसान केले. नियम वाईट म्हणवत नाही. वाईट नियम असता तर ही हकीकत एवढी अवघड जाहली नसती.

या मापाऱ्याची धाकटी बहीण चांगुणा, ती लाडोबा तांडेलास दिलेली. लाडोबा म्हणजे उभा-आडवा, बोलका, हसला तर बंदरात ऐकू यावा ऐसा, आणि त्याची होडी साळुंकी. सोळा वर्षांपूर्वी साळुंकी नवी काट्यावर चढिली तेव्हा तीन मण उणी भरली. सर्व गाव पाहत होते की आता मेव्हणा मेव्हण्याचे काय करितो. बाबदेवाने तीन मण शिसे मागविले आणि आपल्या हाताने ठोकिले. लोकांनी तोंडात बोटे घातली, "वाहवा रे मापारी! सख्ख्या बहिणीच्या घरात शिसे घातले!" आणि ती वाहवा राज्यभर फिरली, खासा सरकारांनी दरबारात काढिली. ते शिसे घेऊनही लाडोबाने चार वर्षांत दोनदा निशाण आणिले. मग चौथे साली वादळात साळुंकी बंदराच्या धक्क्यावर आपटली, तळाच्या पाच फळ्या गेल्या, साग मिळेना म्हणोन सुताराने ऐनाच्या घातल्या, आणि ऐन म्हणजे लाकूड कसले, लोखंडाचा भाऊ. त्यावर दरसाल राळेचे आणि तेलाचे लेप. पुढल्या मापास होडी काट्यावर चढली तेव्हा टोक धाडकन खाली गेले. मापारी म्हणाला "पुरे". मी लिहिले.

तेव्हापासून बारा वर्षे लाडोबा दुसरा. कधी तिसरा, पण बहुतेक दुसरा, एका होडीच्या लांबीने, दीड लांबीने. आणि पहिला बहुधा कुशाजी तांडेल, त्याची होडी घार. पहिले साली लाडोबा बोलिला की होडी जड जाते, तर धक्क्यावरचे लोक हसले, "नाचता येईना, अंगण वाकडे!" ते त्यास लागले. पुन्हा ते बोलणे त्याने तोंडातून काढिले नाही. शिसे काढता येते, मापाऱ्याकडे अर्ज केला म्हणजे होडीचे वजन पुन्हा नेमके होते, हे त्यास ठाऊक नव्हते. सरकारी शिक्क्यास हात लावू नये इतकेच ठाऊक होते. काटा म्हणतो पुरे, साचा तर एक, वारा एक. मग उणे काय राहिले? हातच उणा. ऐसे धरून तो चालला. त्याचे हसणे आखडत गेले. लोक त्यास 'दुसरे तांडेल' म्हणू लागले, आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि तोही त्या नावास ओ देऊ लागला. मी समोर बसोन हे सर्व पाहत होतो. मला काय, मी कारकून.

आता मूळ प्रसंग. या साली मापाची तिथी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शर्यत दशमीस. मापाचे दहा धोंडे खाडीपलीकडच्या कोठारात होते, ते आणावयास कारभारी स्वतः गेले, कारण मागले साली धोंडे उशिरा आले म्हणोन सरकारांनी त्यांस चार शब्द सुनावले होते. नावेचा तरीवाला म्हणाला दोन खेपा करू. कारभारी म्हणाले एकाच खेपेत चालतील. तरीवाला म्हणाला, "साहेब, दगड आहेत, तरंगायचे नाहीत." कारभारी म्हणाले, "तू मला शिकवतोस?" मग मध्य खाडीत नाव कलंडली, कारभारी आणि तरीवाला पोहत आले, आणि चाळीस मणांचे सरकारी माप चिखलात जाऊन बसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, येथे तर राज्यच रिकामे जाहले. पाणबुडे सोडिले, ते म्हणाले तीन दिवस लागतील. इकडे अठरा होड्या वाळून तयार, तांडेल ओरडत, सरकारस्वारी किनाऱ्याच्या पुळणीवर येऊन बसलेली. बाजारातली वजने आणावी तर ती वाण्यागणिक निराळी, मापास चालत नाहीत. तेव्हा ओल्या धोतराने कारभारी बोलिले की, "एवढी चिंता कशास? होड्या एका साच्याच्या, दरसाल मापात उतरलेल्या. एका टोकास घार बांधू आणि दुसऱ्या टोकास एकेक होडी. समतोल राहिली की पुरे." सरकारांस ते पसंत पडले. बाबदेव मापारी पुढे होऊन म्हणाला, "महाराज, हे नियमात बसत नाही." सरकार बोलिले, "धोंडे खाडीत बसले ते तरी कोणत्या नियमात?" सर्व हसले. मापारी हसला नाही. त्याचा चेहरा उतरला, तो मी जवळून पाहिला, आणि का उतरला हे मला त्याच क्षणी उमगले, म्हणोन मीही खाली पाहिले.

मग घार चढविली आणि समोर एकेक होडी आली. तुळई थोडी इकडे, थोडी तिकडे, शेरापाचशेराचा झोल, आणि स्थिर. कारभाऱ्यांनी मिशीवर हात फिरविला. ऐशा सोळा होड्या जाहल्या आणि शेवटी साळुंकी बांधिली. दोर सैल सोडिला मात्र, साळुंकी जी खाली आली ती वाळूत रुतली आणि घार वर उडाली, दोन खलाशी तिच्या नाळेस, म्हणजे पुढल्या टोकास, लोंबकळले. कोणी म्हणाले काटा बिघडला. मग टोके बदलिली, साळुंकी इकडे आणि घार तिकडे. पुन्हा तैसेच. तेव्हा पुळणीवरचे अठरा होड्यांचे खलाशी, बाया, माणसे काट्याभोवती दाटली. कुशाजी पुढे होऊन बोलिला, "गोण्या आणा, वाळू भरा, किती आहे ते पाहू तरी." बाजाराच्या वजनाने का होईना, घारीत गोण्या टाकीत गेले. एक मण, दोन मण, तीन मण. साडेतीन मणांस तुळई समतोल जाहली.

चांगुणा मासळीची टोपली घेऊन कडेस उभी होती. ती टोपली तेथेच टाकून काट्यापाशी आली आणि भावासमोर उभी राहिली. म्हणाली, "दादा, हे तुला ठाऊक होतं?"

मापारी खोटे कधी बोललेला नव्हता. तो म्हणाला, "होय."

"कधीपासून?"

"फळ्या बदलल्या त्या सालापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही, चांगू. चाळीसाहून कमी नको, एवढंच मोजायचा हुकूम. जास्त किती, हे विचारायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बहिणीच्या घरच्याला सल्ला दिला."

"बारा भाऊबीजा!" चांगुणा ओरडली. "बारा वर्षं तुला ओवाळते मी. तू ताटात लुगडं घालायचास आणि जेवून उठायचास. आणि हे माणूस माझ्या घरात दरसाल वीतवीत खाली बसत होतं, ते तुला दिसत नव्हतं? अरे, मेलं जळो तुझं माप! रस्त्यावरचा माणूससुद्धा सांगतो, बाबा, तुझ्या पाठीवर ओझं जास्त झालंय."

लाडोबा पुढे आला. तो साळुंकीत चढला, बैठकीखाली वाकला, शिशावर हात ठेवून पुष्कळ वेळ बसला आणि मग हसला, पूर्वीसारखा, आख्ख्या बंदरात ऐकू यावा ऐसा. म्हणाला, "मला वाटलं मी म्हातारा झालो!" ते ऐकून बाया रडू लागल्या. कुशाजी मात्र तापला. तो म्हणाला, "मग माझी नऊ निशाणं काय वाऱ्यावरची? मी काय चोरी केली?" लाडोबा म्हणाला, "तू कशाला चोर? तुझी होडी नियमात होती. माझीही नियमातच होती. तेच तर झालं." मग सरकारस्वारी बोलिली की शिसे आत्ताच काढावे. मापारी खालच्या आवाजात बोलिला की अर्ज तांडेलाने करावा लागतो. सरकार त्याकडे पाहतच राहिले, परंतु नियम त्यांच्याच वडिलांचा, म्हणोन उठून गेले.

आता वाचणारांस वाटेल की लाडोबाने त्याच पावली अर्ज दिला असेल. दिला नाही. तो दिवस गेला, दुसरा गेला, तिसरे दिवशी पाणबुड्यांनी धोंडे काढून आणिले तरी अर्ज नाही. चांगुणा मला भेटली तेव्हा हे तिनेच सांगितले की, तिने विचारिले, "अहो, अर्ज का देत नाही? कारकून लिहून देईल." तर तो म्हणाला, "दिला आणि तरी हरलो तर? आज सगळ्या राज्यात एकट्या माझ्यापाशी सबब आहे, चांगुणा. खरी, वजन केलेली सबब. बारा वर्षं ती नसताना जगलो. आता मिळाली तर चार दिवस कुशीत घेऊन झोपू दे." ती म्हणाली, "सबब कुशीत घ्या नाहीतर डोक्यावर घ्या. मला टोपली भरायचीय." आणि गेली. दुपारी परत आली तर तो अंगरखा घालून दारात उभा. मी अर्ज लिहिला. मापाऱ्याने आपल्या हाताने शिक्का फोडिला आणि तीन मण शिसे काढिले. साळुंकी धोंड्यांवर चढविली, चाळीस आणि वर अर्धा मण. मापारी म्हणाला "पुरे", आणि मग, सोळा वर्षांत प्रथमच, पुढे म्हणाला, "अर्धा मण जास्त आहे." कोणी विचारिले नव्हते.

दशमीस शर्यत. दुपारचा खारा वारा चांगला भरलेला. वाट ऐसी की बंदरापासून निघावे, बाहेर नांगरलेल्या सरकारी गलबतास वळसा घालावा आणि परत यावे. तोफ जाहली आणि अठरा शिडे भरली, आणि काय सांगावे, साळुंकी निघाली ती जैशी दावे सोडलेली कालवड. अर्ध्या वाटेत ती पहिली, घार मागे तीन लांबी. किनाऱ्यावर लोक वेडे जाहले. ज्यांनी 'दुसरे तांडेल' हे नाव ठेविले तेच पागोटी उडवीत होते. चांगुणा साळुंकीच्या शिडाकडे पाहत होती. मापारी तिच्यापासून दहा हात लांब उभा होता आणि देवाचे नाव घेत होता, मी ऐकिले.

मग गलबताचा वळसा आला. येथे जाणत्यांस सांगावे लागणार नाही, परंतु इतरांसाठी लिहितो. जड होडीस वेग धरावयास वेळ लागतो आणि धरला की सुटावयासही वेळ लागतो. म्हणोन जड होडीचा तांडेल वळण लौकर धरितो, शीड सैल सोडितो आणि होडीच्या ओघावर तीस फिरू देतो. बारा वर्षे लाडोबाच्या हाताने हेच केले. त्या दिवशीही हाताने तेच केले. साळुंकी हलकी, तीस ओघ कुठला? ती अर्ध्या वळणात तोंड वाऱ्यात घालून उभी राहिली, शीड फडफडले, आणि लाडोबा सुकाणू इकडेतिकडे मारीत राहिला. घार गेली. मग आणखी चार गेल्या. होडी पुन्हा भरली, त्याने एकीस गाठिले आणि पाचवा आला. कुशाजीने निशाण घेतले आणि कोणाकडे न पाहता घरी गेला. कित्येक शहाणे लगेच म्हणाले, "म्हणजे शिशाचा काही प्रश्नच नव्हता तर!" ऐशांस देवाने तोंड दिले ते कशास, हे देवच जाणे.

दुसरे दिवशी दुपारी मापारी बहिणीच्या घरी गेला आणि वाटेत मला बरोबर घेतले. का घेतले हे त्याने सांगितले नाही, मी विचारिले नाही. चांगुणा दारात होती. म्हणाली, "ये, दादा. भात उतरलाय." आत लाडोबा भिंतीस टेकून बसला होता, त्याने पाट सरकविला. ताटे वाढिली. मापारी जेवेना.

लाडोबा म्हणाला, "बाबदेवा, ऐक. बारा वर्षं मला वाटत होतं, माझा हात उणा. काल अर्ध्या वाटेपर्यंत कळलं की उणा नव्हता. गलबतापाशी कळलं की आता उणा झाला. होडीतलं शिसं तू काढलंस. हातातलं कसं काढू, ते सांग. त्याला अर्ज कुठं करायचा?"

रागाने बोलला असता तर बरे जाहले असते. तो खरेच विचारीत होता. मापाऱ्याने हात जोडिले. म्हणाला, "दाजी, सगळे म्हणतात मापाऱ्यानं कधी लाच घेतली नाही. मी घेतली."

"कोणाची रे?" चांगुणा दचकून म्हणाली.

"लोकांच्या तोंडची. 'मापारी सख्ख्या मेव्हण्यालाही सोडत नाही,' हे ऐकायला मला गोड लागायचं. तुम्हाला एक शब्द सांगितला असता तर ते ऐकू येणं बंद झालं असतं. बारा वर्षं दरसाल घेतली, दाजी. नारळ घेतला असता तर निदान फोडून खाल्ला असता, कुणाचं काही गेलं नसतं."

लाडोबाने भाताचे ताट त्याच्यापुढे सरकविले. म्हणाला, "जेव आता. भात निवतोय." मापारी रडत रडत जेवला. मीही जेवलो, परंतु कोणाकडे पाहवेना, कारण काट्याचे टोक वाळूत धाडकन आपटावयाचे ते मीही बारा वेळा ऐकिले होते, आणि माझ्या तोंडास तर कोणताही नियम बांधलेला नव्हता.

तात्पर्य ऐसे की, बाबदेवाने त्याच मासी मापारीपण सोडिले. सरकारांनी नवा हुकूम काढिला की मापाऱ्याने उणे किती आणि जास्त किती, दोन्ही मोठ्याने सांगावे, कोणी विचारो न विचारो. कारभाऱ्यांनी हा हुकूम आपल्याच बुद्धीने निघाला ऐसे सर्वांस सांगितले. लाडोबा दररोज सकाळी साळुंकी घेऊन गलबताच्या जागी जाई आणि वळसे घाली, पंचावन्नावे वर्षी नवशिक्यासारखा, आणि बाबदेव आपला अधू पाय पसरून नाळेत बसे व वळण उशिरा धर, आणखी उशिरा, म्हणोन ओरडे. पुढले साली लाडोबा तिसरा आला. त्यापुढले साली दुसरा, अर्ध्या लांबीने. धक्क्यावर कोणी सवयीने ओरडले, "दुसरे तांडेल!" तेव्हा तो साळुंकीत उभा राहिला आणि म्हणाला, "होय रे बाबांनो. या वेळी शिसं नाही, मीच."

वर्तमान इतकेच. पाहिले ते लिहिले, आणि जे त्या वेळी बोलावयाचे होते ते आज लिहिले, याची लाज लिहिणाऱ्यास आहे.